आधी विकायचं, मग घ्यायचं : नफा-तोट्याच्या धड्यात नसलेलं उदाहरण



"एका दुकानदाराने एक घड्याळ ४०० रुपयांना घेतले व ४६० रुपयांना विकले, तर त्याला शेकडा किती नफा झाला?"

हे उदाहरण मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल, त्याची मोजदाद नाही. कधी घड्याळाच्या जागी सायकल, कधी आंब्याची पेटी, कधी तांदळाचं पोतं. पण एक गोष्ट कधीच बदलली नाही. दुकानदार आधी घेतो आणि मग विकतो. खरेदी किंमत आधी, विक्री किंमत नंतर. मुलांच्या डोक्यात व्यवहाराचा हाच क्रम पक्का बसतो. आपल्याही डोक्यात तोच बसलेला असतो.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत हा क्रम उलटा झालेला मी पाहिला, आणि तोही माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवर.

त्या माउलीचा प्रश्न

मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, बाहेरगावी राहून शिकणारा. हुशार, गणितात चांगला. त्याची आई त्याला हाताला धरून माझ्या घरी घेऊन आली. भिशीचे उचललेले १५ हजार रुपये तिने त्याला खोलीभाडं आणि मेससाठी पाठवले होते. ते सगळे गेले होते.

"सर, तुम्ही गणिताचे. मला एवढंच समजावून सांगा. हा म्हणतो, मी शेअर विकले आणि तोटा झाला. अहो, पण याच्याकडे शेअर होतेच कुठे? जे नाहीच ते यानं विकलं कसं?"

मी गप्प झालो. शॉर्ट सेलिंग हा शब्द ऐकला होता. पेपरात वाचला होता. पण त्या माउलीला चार वाक्यांत समजेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मुलगा खाली मान घालून बसला होता. तो एवढंच म्हणाला, "सर, त्या ॲपमध्ये दोन बटणं असतात. एक निळं, एक लाल. लाल आधी दाबलं तरी चालतं."

लाल आधी दाबलं तरी चालतं! हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. हा लेख त्यासाठीच आहे. माझं म्हणणं सरळ आहे : आपली मुलं ज्या वयात मोबाइलवर हा व्यवहार करू शकतात, त्या वयाच्या आधी त्यांना त्याचं गणित माहीत असायला हवं. आणि ते आपणच सांगायला हवं.

उसन्या ज्वारीची गोष्ट

आधी त्या माउलीच्या प्रश्नाचं उत्तर. जे आपल्याकडे नाही ते विकता कसं येतं?

समजा, तुम्ही शेजाऱ्याकडून एक क्विंटल ज्वारी उसनी आणली. बोली अशी की दोन महिन्यांनी एक क्विंटल ज्वारीच परत करायची. तुम्ही ती ज्वारी खाल्ली नाही. बाजारात नेऊन ३,००० रुपयांना विकून टाकली. तुमचा अंदाज असा की नवं पीक आलं की भाव पडणार. खरंच भाव २,२०० वर आला. तुम्ही एक क्विंटल विकत घेतली, शेजाऱ्याच्या घरी टाकली, आणि ८०० रुपये खिशात राहिले.

पण पाऊस बिनसला आणि भाव ४,५०० झाला तर? शेजाऱ्याला पैसे नकोत, ज्वारीच हवी. तुम्हाला ४,५०० ला घेऊन द्यावी लागणार. तोटा १,५०० रुपये. भाव ६,००० झाला तर तोटा ३,०००. भाव किती वर जाईल, हे कुणी सांगावं?

शॉर्ट सेलिंग म्हणजे हेच. उसना माल आज विकायचा, पुढे स्वस्तात घेऊन परत करायचा, मधला फरक आपला. ज्वारीच्या जागी शेअर घाला. ही कल्पना आजची नाही. १६०९ साली ॲम्स्टरडॅममध्ये इझाक ल मेर नावाच्या व्यापाऱ्याने आणि त्याच्या साथीदारांनी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअर्समध्ये हाच खेळ केला होता. पुढच्याच वर्षी, १६१० मध्ये, तिथल्या सरकारने त्यावर बंदी आणली. म्हणजे शेअर बाजार जन्माला आला आणि पाठोपाठ शॉर्ट सेलिंग आलं, असंच म्हणायचं.

आता फळ्यावर मांडूया

एक शेअर २०० रुपयांचा. १०० शेअर. एकूण किंमत २०,००० रुपये. दोन मुलं घ्या. पहिल्याने हे शेअर विकत घेतले. दुसऱ्याने ते शॉर्ट केले, म्हणजे आधी विकले.

भाव १५० झाला : पहिल्याला ५,००० तोटा, दुसऱ्याला ५,००० नफा.
भाव १०० झाला : पहिल्याला १०,००० तोटा, दुसऱ्याला १०,००० नफा.
भाव ० झाला : पहिल्याला २०,००० तोटा, दुसऱ्याला २०,००० नफा.

इथे पाटी संपली. शून्याच्या खाली भाव जात नाही. म्हणजे विकत घेणाऱ्याचा जास्तीत जास्त तोटा २०,००० आणि शॉर्ट करणाऱ्याचा जास्तीत जास्त नफाही २०,०००.

आता वरच्या बाजूला जाऊ.

भाव ३०० झाला : दुसऱ्याला १०,००० तोटा.
भाव ४०० झाला : २०,००० तोटा.
भाव ६०० झाला : ४०,००० तोटा.
भाव १,००० झाला : ८०,००० तोटा.

ही यादी संपत नाही. फळा संपेल, खडू संपेल, यादी संपणार नाही. विकत घेणाऱ्याच्या तोट्याला तळ आहे, शॉर्ट करणाऱ्याच्या तोट्याला छप्पर नाही. हे एक वाक्य विद्यार्थ्याच्या लक्षात राहिलं तरी माझ्या मते तास सत्कारणी लागला.

यात अजून एक बारकी गोष्ट आहे, ती मुलांना विचारून काढून घ्यावी. विकत घेतलेला शेअर पडू लागला की त्यात अडकलेली रक्कम लहान होत जाते. शॉर्ट केलेला शेअर चढू लागला की डोक्यावरचं ओझं मोठं होत जातं. २०० चा शेअर ३०० झाला की आता २०,००० चा नव्हे, ३०,००० चा माल परत द्यायचा आहे. म्हणजे चूक जितकी मोठी, तितकं ओझं मोठं.

मोबाइलवर हे घडतं कसं

आपल्याकडे रोखीच्या बाजारात सामान्य माणसाला शॉर्ट करायचं तर ते त्याच दिवसापुरतं असतं. याला इंट्राडे म्हणतात. बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो, दुपारी साडेतीनला बंद होतो. सकाळी विकलेलं त्याच दिवशी परत घ्यायचं. नाही घेतलं तर ब्रोकरची संगणक यंत्रणा बंद होण्याच्या थोडं आधी आपोआप घेऊन टाकते. एका दिवसापेक्षा जास्त काळ शॉर्ट राहायचं असेल तर लोक फ्युचर्स-ऑप्शन्सकडे वळतात. शेअर रीतसर उसने घेण्या-देण्याची सोयही २००८ पासून आहे, पण कॉलेजची पोरं तिकडे फारशी फिरकत नाहीत.

दुसरी गोष्ट मार्जिनची. इंट्राडेत पूर्ण रक्कम लागत नाही. साधारणपणे किमान २० टक्के रक्कम खात्यात असली की सौदा करता येतो. म्हणजे २०,००० चे शेअर शॉर्ट करायला ४,००० रुपये पुरतात. मुलांना यातला पाचपट नफा लगेच दिसतो. पण भाव २०० चा २४० झाला, म्हणजे फक्त २० टक्के वाढला, की तोटा किती? ४,०००. म्हणजे होतं नव्हतं ते सगळं गेलं. शेअरमधली २० टक्के वाढ आणि माझ्या पैशातला १०० टक्के तोटा! शेकडेवारी कशाच्या संदर्भात काढायची, हा आपल्या धड्यातला जुनाच प्रश्न इथे खऱ्या पैशात उभा राहतो.

आता माझ्या विद्यार्थ्याचं काय झालं ते सांगतो. आदल्या दिवशी १४० ला बंद झालेला एक छोट्या कंपनीचा शेअर सकाळी १४६ वर होता. याला वाटलं, फार वर गेला, आता पडणार. त्याने ५०० शेअर शॉर्ट केले. एकूण ७३,००० चा सौदा, मार्जिन १४,६००. दुपारी शेअर १५४ वर गेला आणि तिथेच थांबला. कारण त्या शेअरला दिवसाला १० टक्क्यांची मर्यादा होती, ज्याला अप्पर सर्किट म्हणतात. सर्किट लागलं की घेणारे रांगेत उभे, विकणारा एकही नाही. याने घ्यायचं बटण कितीदा दाबलं. यंत्रणेनेही प्रयत्न केला. पण विकायला कुणी तयारच नसेल तर घेणार कुणाकडून?

साडेतीन वाजले. याच्या नावावर ५०० शेअर द्यायची जबाबदारी राहिली आणि हातात एकही शेअर नाही. अशा वेळी बाजार लिलाव करतो, दुसऱ्या कुणाकडून मिळेल त्या भावाने शेअर घेऊन समोरच्याला देतो, आणि बिल चुकवणाऱ्याच्या माथी मारतो. दुसऱ्या दिवशी शेअर आणखी चढला होता. लिलावात भाव लागला १७५. दर शेअरमागे २९ रुपये तोटा, ५०० शेअरचे १४,५००. उरलेले पाचशे रुपये दंडात आणि खर्चात गेले.

"सर, मी स्टॉप लॉस लावला होता," तो म्हणाला. खरं होतं. पण स्टॉप लॉस म्हणजे "अमुक भाव आला की घेऊन टाक" अशी सूचना. विकणाराच नसेल तर ती सूचना ऐकणार कोण? हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने पाहिलेल्या व्हिडिओंमध्ये फक्त हिरवे आकडे होते.

अंदाज बरोबर, तरी बुडाला

काही शिक्षक मित्र म्हणतील की पोरगं कच्चं होतं, अभ्यास करून केलं असतं तर वाचलं असतं. म्हणून अमेरिकेतलं एक उदाहरण सांगतो. तिथे ब्रोकर ग्राहकाला शेअर उसने देतो, त्यामुळे शॉर्ट करून रात्रभर, महिनाभर थांबता येतं. शिवाय मुख्य बाजार दुपारी चारला बंद झाला तरी व्यवहार थांबत नाहीत. संगणकांची जाळी घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ परस्पर घालून देतात. अशी पहिली व्यवस्था, इन्स्टिनेट, १९६९ मध्येच सुरू झाली होती. इंटरनेट आलं तशी ही जाळी मोठ्या संस्थांपुरती राहिली नाहीत. घरात बसलेल्या माणसालाही ऑनलाइन ब्रोकरमार्फत संध्याकाळी आणि पहाटे व्यवहार करता येऊ लागले.

नोव्हेंबर २०१५ मध्ये कॅलोबायोस नावाची एक छोटी औषध कंपनी जवळजवळ संपल्यात जमा होती. कंपनीनेच कामकाज गुंडाळण्याची भाषा केली होती. शेअर दोन डॉलरच्या आसपास. एका छोट्या व्यावसायिकाने ऑनलाइन ब्रोकरकडच्या आपल्या खात्यातून तो शॉर्ट केला. खात्यात सुमारे ३७ हजार डॉलर होते. बुडणारी कंपनी, दोन डॉलरचा शेअर, यात धोका तो कसला?

त्या संध्याकाळी, बाजार बंद झाल्यावर, बातमी आली की मार्टिन श्क्रेली नावाच्या गुंतवणूकदाराने आपल्या साथीदारांसह कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर घेतले आहेत. तोच श्क्रेली, ज्याने एका औषधाची किंमत एका फटक्यात १३.५० डॉलरवरून ७५० डॉलर केली म्हणून आदल्या दोन महिन्यांत जगभर बोंब झाली होती. बातमी येताच इलेक्ट्रॉनिक जाळ्यांवर शेअर अनेक पटींनी उसळला. हा माणूस त्या वेळी कामाच्या बैठकीत होता. बाहेर येऊन पाहतो तर खात्यातले पैसे गेलेच, वर एक लाख सहा हजार डॉलरहून जास्त देणं ब्रोकरला लागत होतं. शेवटी त्याने मदतीसाठी इंटरनेटवर लोकांपुढे हात पसरले.

आता पुढचं ऐका. डिसेंबर संपायच्या आत श्क्रेलीला दुसऱ्या एका प्रकरणात अटक झाली आणि कॅलोबायोस कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे कंपनी बुडणार, हा त्या माणसाचा अंदाज शंभर टक्के बरोबर होता! फक्त ती बुडण्याच्या आधी सहा आठवडे त्याला संपवून गेली.

आपण मुलांना शिकवतो की उत्तर बरोबर आलं की मार्क मिळतात. इथे तसं नाही. उत्तर बरोबर असूनही मधल्या एका पायरीवर तुम्ही संपू शकता. कारण उसनं परत करायचं आहे, आणि ते कोणत्या दिवशी, कोणत्या भावाने द्यावं लागेल, हे तुमच्या हातात नाही.

आपल्या मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर जुन्या, मुरलेल्या मंदीवाल्यांनाही हा धडा एकदा मिळाला होता. १९८२ मध्ये त्यांनी रिलायन्सचे शेअर हातात नसताना विकले. समोरून धीरूभाई अंबानींच्या बाजूच्या दलालांनी ते घेत राहिले आणि मुदत येताच सांगितलं, शेअर आणून द्या. आणायचे कुठून? एवढा गोंधळ झाला की बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. त्या लोकांचं आयुष्य बाजारात गेलेलं होतं. आपलं पोरगं तर कालपरवा खातं उघडून आलेलं.

मग हा व्यवहार वाईटच का?

नाही. ही बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपलं शिकवणं म्हणजे नुसता बागुलबुवा होईल.

गुहागर तालुक्यातला दाभोळचा वीजप्रकल्प आठवतो ना? एन्रॉन हा शब्द नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात घराघरात पोचला होता. महागड्या विजेवरून केवढं रान उठलं होतं! तिकडे अमेरिकेत मात्र हीच कंपनी कौतुकाचा विषय होती. ऑगस्ट २००० मध्ये तिचा शेअर ९० डॉलरवर गेला होता. त्याच वर्षाच्या शेवटी जिम चॅनोस नावाच्या शॉर्ट सेलरने कंपनीचे हिशेब बारकाईने वाचले, त्याला त्यात पाणी मुरताना दिसलं, आणि त्याने शेअर शॉर्ट केला. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. शेअर एका डॉलरच्याही खाली आला होता.

म्हणजे सगळे "वाहवा" म्हणत असताना "हा राजा नागडा आहे" असं म्हणणारा माणूस बाजाराला लागतो. त्याला त्यातून पैसे मिळतात म्हणूनच तो हजारो पानं वाचतो. सगळ्यांनी फक्त चढणाऱ्या भावावरच पैसे लावायचे असतील तर फुगा फुटेपर्यंत कुणी बोलणारच नाही. म्हणून शॉर्ट सेलिंग बंद करा, असं माझं म्हणणं नाही. सेबीने २००१ च्या घोटाळ्यानंतर त्यावर बंदी घातली होती, आणि पुढे विचार करून नियमांसकट ते पुन्हा सुरू केलं.

पण चॅनोस हिशेब वाचत होता, आणि त्याच्यामागे मोठी रक्कम होती. आपला मुलगा मेसच्या रांगेत उभा राहून लाल बटण दाबत होता. दोघांच्या व्यवहाराचं नाव एकच असलं तरी ते एक काम नव्हे.

आकडे काय सांगतात

हे एकट्या-दुकट्याचं प्रकरण असतं तर मी लेख लिहिला नसता. सेबीने जुलै २०२४ मध्ये रोखीच्या बाजारातल्या इंट्राडे व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यात आधी घेणारे आणि आधी विकणारे, दोन्ही आले. २०२२-२३ या वर्षात इंट्राडे करणाऱ्या दर १० जणांपैकी ७ जण तोट्यात होते. तीस वर्षांखालच्या मुलांमध्ये हे प्रमाण ७६ टक्के. २०१८-१९ मध्ये इंट्राडे करणाऱ्यांत तिशीच्या आतले १८ टक्के होते, ते चार वर्षांत ४८ टक्के झाले.

म्हणजे निम्मा वर्ग आपल्या जुन्या विद्यार्थ्यांचा आहे, मित्रहो.

त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी. जे वर्षात ५०० हून जास्त सौदे करतात, त्यांच्यातले ८० टक्के तोट्यात. म्हणजे "सरावाने जमतं" हे आपलं लाडकं वाक्य इथे उलटं पडतं. आणि तोट्यातल्या लोकांनी तोट्याच्या वर आणखी ५७ टक्के रक्कम दलाली, कर वगैरे खर्चात घालवली. म्हणजे १०० रुपये हरले आणि हरण्याची फी ५७ रुपये भरली.

फ्युचर्स-ऑप्शन्सचं चित्र याहून वाईट आहे. सप्टेंबर २०२४ च्या सेबीच्या अभ्यासानुसार मार्च २०२४ पर्यंतच्या तीन वर्षांत तिथे ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांनी पैसे गमावले.

दहावीचा ९३ टक्के निकाल लागला की आपण पेढे वाटतो. इथला ९३ टक्क्यांचा निकाल मुलांना कुणी वाचून दाखवत नाही.

"सर, हे शिकवलं तर मुलं तेच करतील!"

स्टाफरूममध्ये हा विषय काढला तेव्हा पहिला आक्षेप हाच आला. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "सर, जे अजून माहीत नाही ते कशाला सांगता? उद्या पालक विचारतील, शाळेत सट्टा शिकवता का?"

बाईंच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. पण मला वाटतं, प्रश्न "सांगायचं की नाही" हा राहिलेलाच नाही. मुलांना सांगणारे भरपूर आहेत. रील आहे, टेलिग्रामचे ग्रुप आहेत, वरच्या वर्गातला दादा आहे. ते नफ्याचा स्क्रीनशॉट दाखवतात. तोट्याची यादी न संपणारी आहे, हे दाखवण्यात त्यांचा काही फायदा नाही. ते काम करणारा माणूस फक्त शिक्षकच असू शकतो, कारण त्याला त्यातून दलाली मिळत नाही.

दुसरं, यासाठी नवा विषय, नवं पुस्तक काही लागत नाही. दहावीच्या गणित भाग १ मध्ये "अर्थनियोजन" हे प्रकरण आहेच. त्यात शेअर आहे, दर्शनी किंमत आहे, बाजारभाव आहे, दलाली आहे. फक्त सगळ्या उदाहरणांत माणूस आधी घेतो. ते प्रकरण संपताना एक जादा उदाहरण, एवढंच मी मागतो आहे.

तिसरा आक्षेप थोडा नाजूक आहे. आपल्यातलेही काही जण मधल्या सुट्टीत हेच करतात. मी कुणाकडे बोट दाखवत नाही. पण केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत शेअरमधली वारंवार खरेदी-विक्री सट्टा मानली आहे आणि तिला मनाई आहे. आपापल्या सेवेचे नियम काय म्हणतात, ते प्रत्येकाने एकदा वाचून घ्यावं. मुलांना सांगायचं तर आधी आपलं पान कोरं असलेलं बरं.

वर्गात आणि घरात काय करता येईल

शिक्षकांसाठी : दिवाळीनंतर मी दहावीच्या वर्गात एक खेळ घेतला. दोन मुलांना समोर बोलावलं. एकाला दहा वह्या दिल्या आणि सांगितलं, "या तू मित्राला उसन्या दे." मित्राने त्या वर्गात २० रुपयांना एक अशा "विकल्या". मग मी फळ्यावर वहीचा भाव बदलत गेलो. १५, १०, मग अचानक ३०, ५०, ८०. प्रत्येक भावाला वर्गाने नफा-तोटा काढायचा. भाव १० असताना मित्र हसत होता. ८० झाला तेव्हा वर्ग हसत होता आणि तो हिशेब करत होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, "सर, हे थांबणार कुठे?" मी खडू खाली ठेवला. तो प्रश्न मला हवा होता.

पालकांसाठी : मुलगा किंवा मुलगी शेअर बाजारात आहे असं कळलं तर लगेच आरडाओरडा नको. ओरडलं की मुलं तोटा लपवतात, आणि लपवलेला तोटा भरून काढायला आणखी मोठा सौदा करतात. शांतपणे तीन प्रश्न विचारा. "आधी घेतलंस की आधी विकलंस?" "पैसे पूर्ण भरलेस की मार्जिनवर?" "भाव दुप्पट झाला तर तुला किती द्यावे लागतील?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला लगेच आकड्यात देता आलं नाही, तर त्या सौद्यात काय आहे हे त्यालाच माहीत नाही, असं समजा. आणि फीचे, मेसचे, भिशीचे, उसने पैसे यात कधीही नाहीत, हा घरातला नियम करून टाका.

शेवटी

त्या माउलीच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला नंतर घरी जाऊन दिलं. ज्वारीचं उदाहरण सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे यानं उसनं विकलं. आमच्यात उसनं विकत नाहीत, सर. उसनं परत करतात." मी मुलाकडे पाहिलं. त्याने खातं बंद केलं होतं आणि संध्याकाळी एका दुकानात हिशेब लिहायला जाऊ लागला होता. आईचे १५ हजार फेडायला त्याला बरेच महिने लागणार आहेत.

मला राहून राहून वाटतं, दहावीला तो माझ्याच वर्गात होता. "अर्थनियोजन" मीच शिकवलं होतं. सगळी उदाहरणं त्याची बरोबर होती. एक उदाहरण मी सोडवून घेतलं नव्हतं.

या वर्षी ते फळ्यावर लिहिलं आहे. तुम्हीही आपापल्या वर्गात लिहून पाहा :

"एका मुलाने स्वतःजवळ नसलेले ५०० शेअर प्रत्येकी १४६ रुपयांना विकले. ते परत देण्यासाठी त्याला प्रत्येकी १७५ रुपयांनी घ्यावे लागले. तर त्याला किती तोटा झाला? हा तोटा जास्तीत जास्त किती होऊ शकला असता, ते कारणासहित लिहा."